डॉक्टरांचं स्वतःचं आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका जिल्ह्याच्या गावात फिजिशियन आहे. रेसिडेन्सी सरकारी कॉलेजात झाली. गेली काही वर्षं निवासी डॉक्टर (म्हणजे रेसिडेंट, रुग्णालयात काम करत एमडी-एमएस शिकणारे), तालुक्यातले जनरल प्रॅक्टिशनर आणि त्यांच्या घरची माणसं यांच्याशी या विषयावर बोलत आलो आहे. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवतो आहे. बरेचसे प्रश्न निवासी डॉक्टरांचे आहेत, कारण सवयी बिघडायला सुरुवात तिथेच होते.

सलग छत्तीस तासांची ड्युटी नियमात बसते का?

नाही. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निर्देशात निवासी डॉक्टरांचं सलग काम साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नसावं आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा असावी असं म्हटलं आहे. तीस वर्षांहून जास्त काळ तो कागद आहे आणि वॉर्डात त्याची कुणाला आठवण नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पीजी (पदव्युत्तर) नियमावलीत ‘वाजवी’ कामाचे तास, ‘वाजवी’ विश्रांती, साप्ताहिक सुट्टी आणि वर्षाला २० दिवसांची पगारी रजा आहे. पण ‘वाजवी’ म्हणजे किती, हे त्यात नाही, आणि सगळं घोडं तिथेच अडतं. आयोगाच्याच मानसिक आरोग्यविषयक कृती दलाने २०२४ च्या अहवालात आकडा घातला: आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास, एका वेळी २४ तासांहून अधिक नाही, एक दिवस पूर्ण सुट्टी. ही शिफारस आहे, सक्ती नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीवरच्या बलात्कार-हत्येच्या प्रकरणाच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने ३६ तासांच्या पाळ्या अमानुष असल्याचं म्हटलं.

अमेरिकेत हा बदल एका मृत्यूनंतर सुरू झाला. मार्च १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी दाखल झाल्यावर काही तासांत गेली. तिला पाहणारे रेसिडेंट डॉक्टर किती तास जागे होते आणि त्यांच्यावर देखरेख कुणाची होती, हे तिच्या वडिलांनी लावून धरलं. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली, २००३ मध्ये ती देशभर लागू झाली. म्हणजे तिथेही ती आपसूक मिळालेली नाही.

तुम्ही आज काय करू शकता? तासांची नोंद ठेवा. खिशातल्या डायरीत ड्युटी कधी सुरू झाली, कधी संपली, एवढंच. मार्डच्या, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या, प्रतिनिधीकडे किंवा डीनसरांकडे जाताना ‘फार काम आहे’ म्हणण्यापेक्षा ‘गेल्या चार आठवड्यांत आमच्या युनिटच्या जेआर-वनचे (पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटचे) सरासरी एवढे तास झाले’ हे वाक्य जास्त चालतं.

आमचे सर म्हणतात, ‘आम्ही असेच घडलो.’ त्यांचं काय चुकतं?

त्यांचं प्रेम आणि कष्ट दोन्ही खरे असतात. मोजमाप मात्र वेगळं सांगतं. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी दाखवलं की सलग १७ तास जागा राहिलेला माणूस हात-डोळ्यांच्या चाचणीत रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका ढिला पडतो. २४ तासांनंतर हे प्रमाण ०.१० टक्क्यांच्या आसपास जातं. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. पोस्ट-इमर्जन्सीच्या, म्हणजे इमर्जन्सी ड्युटी संपल्यानंतरच्या, सकाळी सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) टाकणारा मुलगा त्या हिशेबात कुठे बसतो, ते पाहा. बॉस्टनमध्ये २००४ साली आयसीयूतल्या इंटर्नवर अभ्यास झाला. लांब ड्युट्यांच्या जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त निघाल्या. पुढच्या वर्षीच्या अभ्यासात लांब ड्युटीनंतर घरी जाताना वाहन अपघाताची शक्यता दुपटीहून अधिक आढळली.

हे दुसरं मी स्वतः अनुभवलं आहे. सेकंड इयरला असताना तीसेक तासांच्या ड्युटीनंतर स्कूटरवर मला डुलकी लागली आणि मी दुभाजकावर आदळलो. कॉलरबोन मोडलं. माझ्या पुढे दोन मुलं सायकलवर होती आणि ती थोडक्यात वाचली, हे मला नंतर पानवाल्याने सांगितलं. म्हणून एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो: नाइटनंतर दुचाकी काढू नका. हॉस्टेलवर झोपा, रिक्षा करा, कुणाला न्यायला बोलवा.

नाइट ड्युटीच्या आठवड्यात झोपायचं कसं?

पूर्ण भरपाई होत नाही, हे आधी मान्य करावं. पण ड्युटीआधी दुपारी दीड तास झोप काढली तर रात्र बरीच सुसह्य होते. रात्री संधी मिळाली तर वीस मिनिटांची डुलकी घ्या, गजर लावून. पाऊण तास झोपून अचानक उठलात तर डोकं जड राहतं आणि पहिली दहा मिनिटं हिशेब चुकतात. अशा वेळी डोस लिहायचा असेल तर सिस्टरना मोठ्याने वाचून दाखवा. पहाटे तीन ते पाच हा शरीराचा सगळ्यात मंद काळ असतो. इन्सुलिन, पोटॅशियम, हेपरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) या वेळेत दोनदा तपासावं.

कॉफी-चहाचा परिणाम निम्मा उतरायला पाच-सहा तास लागतात. सकाळी नऊला झोपायचं असेल तर रात्री दोन-अडीचनंतरचा कटिंग झोपेतून वजा होतो. खोली काळोखी करा, खिडकीला जुनी चादर लावली तरी चालते. फोन सायलेंटवर ठेवताना घरच्यांना आधी सांगा, नाहीतर आई दर अर्ध्या तासाने फोन करत राहते आणि तिचंही बरोबरच असतं.

जेवणाच्या वेळाच नसतात. मग काय खावं?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. कारण इथे थोड्या तयारीत खूप फरक पडतो.

बहुतेक वॉर्डांत दिवस असा जातो: सकाळी राउंडआधी चहा आणि क्रीमरोल, अकराला कुणीतरी आणलेला वडापाव, दुपारचं जेवण चारला किंवा नाहीच, रात्री बाराला बिर्याणी किंवा मॅगी. भूक आणि झोप दोन्ही कमी पडली की शरीर गोड-तेलकट मागतं. त्यात इच्छाशक्तीला दोष देऊन उपयोग नाही. हाताशी दुसरं काही असावं लागतं.

आपल्या आज्यांनी प्रवासाला दशमी दिली ती याचसाठी: दुधात भिजवलेल्या पिठाची, दोन दिवस टिकणारी, हातात धरून खाता येणारी. ड्युटी हाही प्रवासच आहे. दशमी, थालीपीठ, मेथीचा ठेपला, उकडलेली अंडी, भाजलेले चणे-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, केळं. यातल्या कुठल्याही दोन गोष्टी एप्रनच्या खिशात किंवा ड्युटी रूमच्या कपाटात असल्या की रात्री बाराची बिर्याणी अर्धी होते. मुख्य जेवण शक्यतो ड्युटी सुरू होण्याआधी घ्या. मध्यरात्रीनंतर हलकं खा, कारण त्या वेळी तेच अन्न साखर जास्त वाढवतं.

पाण्याचं वेगळं सांगतो. ओटीत उभ्या राहणाऱ्या मुली पाणी पीत नाहीत, कारण जवळ स्वच्छ बाथरूम नसतं. मग जळजळ, यूटीआय (लघवीचा संसर्ग) आणि कंबरेत दुखणं सुरू होतं. हा त्या मुलींच्या सवयीचा दोष नाही. महिला निवासी डॉक्टरांसाठी कडीचं, पाण्याचं, दिवा चालू असलेलं बाथरूम ही आरोग्यसेवेची मूलभूत सोय आहे. विभागाच्या मागण्यांत मी ती नेहमी पहिल्या क्रमांकावर लिहायला सांगतो.

राउंडला रोज आठ-दहा हजार पावलं होतात. व्यायाम वेगळा कशाला?

पावलं मोजली जातात, वाया जात नाहीत. पण थांबत-थांबत, पाठ वाकवून, डोक्यात पोटॅशियमचा रिपोर्ट घेऊन केलेलं चालणं हृदयाला पुरेसा वेग देत नाही आणि मनाला सुट्टी देत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवते. रेसिडेंटला ते जमणं कठीण आहे. माझा सल्ला आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं: सूर्यनमस्कार, दोरीच्या उड्या, हॉस्टेलच्या मैदानावर बॅडमिंटन, काहीही. नाइट संपल्यावर लगेच नको, आधी झोप.

तणावात सिगारेट, तंबाखू, मावा चालतो. हे आम्हाला कोण सांगणार, आम्हीच डॉक्टर.

सिगारेटने काय होतं हे जगाला कळलं ते डॉक्टरांच्याच शरीरांवरून. १९५१ मध्ये ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी डॉक्टरांना पत्र पाठवून त्यांच्या धूम्रपानाची माहिती विचारली. त्यातल्या ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा मागोवा पुढे पन्नास वर्षं घेतला गेला. आयुष्यभर ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले. पण तिशीत सोडणाऱ्यांनी ती दहाच्या दहा वर्षं जवळपास परत मिळवली, चाळिशीत सोडणाऱ्यांनी नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन. तुम्ही अठ्ठावीस वर्षांचे असाल तर या वाक्यात तुमच्यासाठी अख्खं दशक ठेवलेलं आहे. स्वतःच्या जोरावर सुटत नसेल तर निकोटीन गम आणि समुपदेशन घ्या. आपण पेशंटला हेच लिहून देतो.

बर्नआउट आणि नैराश्य एकच का? मला नुसता थकवा आहे की आणखी काही?

थकवा दोन दिवस झोपून, घरचं जेवून उतरतो. बर्नआउट उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या जागी दीर्घकाळ न आवरलेल्या तणावातून येणारी ती अवस्था आहे. खुणा तीन: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. वॉर्डच्या भाषेत सांगायचं तर पेशंटचं नाव जाऊन ‘बेड नंबर चौदा’ उरतो, आणि नवीन अ‍ॅडमिशन आल्यावर आजाराआधी चीड येते.

नैराश्य कामापुरतं राहत नाही. सुट्टीतही मन लागत नाही, आवडीचं गाणं नको होतं, भूक-झोप बदलते, अपराधी वाटतं, जगणं निरर्थक वाटतं. दोन आठवडे हे टिकलं तर तपासून घ्या. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून आपणच आपलं निदान करत बसू नये. शिवाय डोळे मिटत असतील, वजन बदललं असेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ बघायला विसरू नका. नैराश्य समजून वर्षभर काढलेल्या एका मुलीचं हिमोग्लोबिन ७ निघालं होतं.

माझ्या हाताखाली पेशंट दगावला. डोक्यातून जात नाही.

जाऊ नये. ज्याच्या डोक्यातून सहज जातं त्याची मला जास्त काळजी वाटते. पण ते छातीवर दगड होऊन बसूही नये.

पहिल्या वर्षी माझ्याकडे एक शेतकरी मुलगा आला होता, कीटकनाशक प्यायलेला, वय बावीस. पहाटे चारला गेला. त्याच्या वडिलांना मी सांगितलं, फॉर्म भरला आणि लगेच पुढची अ‍ॅडमिशन घेतली. दिवसभर हात चालत होते, मी मात्र तिथे नव्हतो. रात्री अकराला आमचे रजिस्ट्रार केस पेपर घेऊन ड्युटी रूममध्ये आले आणि शेजारी बसले. ओळीने वाचलं. ‘अ‍ॅट्रोपिन वेळेत सुरू झालं. डोस बरोबर. इथे सक्शन आधी करायला हवं होतं, पुढच्या वेळी लक्षात ठेव. इथून पुढे कुणाच्याच हातात काही नव्हतं.’ पाऊण तास गेला असेल. त्यांनी धीर दिला नाही, चूक लपवली नाही, माझ्यावर ढकललीही नाही. मला त्या रात्री झोप लागली. आज मी माझ्या ज्युनिअरबरोबर हेच करतो.

अमेरिकन डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० साली अशा डॉक्टरांसाठी ‘दुसरा बळी’ हा शब्द वापरला. शब्दावर वाद आहेत, कारण पहिला बळी आणि त्याचं घर विसरता कामा नये. पण अवस्था खरी आहे. अशा वेळी चोवीस तासांच्या आत एका अनुभवी माणसाबरोबर केस पेपर वाचा. मॉर्टॅलिटी मीटिंगची, म्हणजे दगावलेल्या पेशंटवर चर्चा करणाऱ्या विभागाच्या बैठकीची, वाट पाहू नका, तिथे बहुधा जाब विचारला जातो.

सायकियाट्रिस्टकडे गेलो तर करिअरवर डाग लागेल का?

ही भीती सगळ्यांना असते, आणि तिच्यामुळे उपचार वर्षं-वर्षं लांबतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ तुमच्या आजाराची आणि उपचारांची गोपनीयता हा हक्क मानतो. केवळ पूर्वी घेतलेल्या उपचारांवरून आज तुम्हाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, हेही त्यात आहे.

व्यवहारातली अडचण वेगळी असते: आपल्याच कॉलेजच्या सायकियाट्री ओपीडीत केस पेपर काढायला लाज वाटते, कारण तिथला रेसिडेंट आपला मेसमेट असतो. मग दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांकडे जा, ऑनलाइन बोला. टेलिमानस हेल्पलाइनवर, म्हणजे १४४१६ वर, मोफत आणि मराठीतही बोलता येतं, दिवसरात्र. ब्रिटनमध्ये २००८ साली लंडनला डॉक्टर आणि डेंटिस्ट यांच्यासाठी गोपनीय मानसोपचार सेवा सुरू झाली. आपल्याकडेही प्रत्येक विद्यापीठाने असं काही कॉलेजच्या बाहेर उभं करावं, असं मला मनापासून वाटतं.

साध्या गोष्टींसाठी स्वतःच औषध घेतलं तर काय बिघडतं?

सर्दीला काही नाही. पण रक्तदाब, साखर, झोप, मन आणि वेदना यांना स्वतः हात लावू नका.

अडतिसाव्या वर्षी आमच्या सिस्टरनी गंमत म्हणून माझा बीपी घेतला, तो १५०/१०० निघाला. मी म्हटलं, जागरणामुळे असेल. दोन वर्षं कंपनीच्या सॅम्पलमधली गोळी आठवेल तशी घेतली. त्या दोन वर्षांत मी शेकडो पेशंटना ‘गोळी चुकवू नका’ म्हणून सांगत होतो. शेवटी वर्गमित्राने मला त्याच्या ओपीडीत बसवून रीतसर केस पेपर केला, इको केला, तारीख दिली. त्या दिवसापासून बीपी ताब्यात आहे. फरक औषधात नव्हता. कुणीतरी माझ्याकडे पेशंट म्हणून पाहत होतं, एवढंच बदललं होतं.

डॉ. अभय बंग यांनी स्वतःचा हृदयविकार लपवला नाही. आपल्या सवयी कुठे चुकल्या ते मराठीत उघडपणे सांगितलं. त्यानंतर अनेक डॉक्टरांनी आपलं कोलेस्टेरॉल पहिल्यांदा तपासलं असेल. डॉक्टरांची जागतिक शपथ मानली जाणारी जिनिव्हा घोषणा २०१७ मध्ये सुधारली गेली. उत्तम सेवा देता यावी म्हणून मी माझ्या आरोग्याचीही काळजी घेईन, असं वाक्य तिच्यात तेव्हा पहिल्यांदा आलं. तुमचा एक डॉक्टर ठरवा. तो तुमच्याच घरातला नसावा. तिशीनंतर वर्षातून एकदा बीपी, साखर, लिपिड आणि कंबरेचा घेर त्याच्याकडे नोंदवा. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे घेर गेला की लक्ष द्यायचं.

झोपेच्या किंवा गुंगीच्या औषधांची सवय लागली असेल, विशेषतः भूलशास्त्रातल्या मित्रांना, तर घाबरून लपवू नका. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये स्वेच्छेने व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्याला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण आहे.

जगणं नको वाटतं. / माझा रूममेट असं बोलतो. काय करू?

आज बोला, उद्यावर टाकू नका. वर सांगितलेल्या कृती दलाच्या पाहणीत ५,३३७ पीजी विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली होती, आणि त्यांतल्या जवळपास ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. तुम्ही एकटे नाही आणि तुमच्यात काही खोट नाही. १४४१६ लावा किंवा ज्याच्यावर विश्वास आहे त्याला ‘माझ्याजवळ येऊन बस’ म्हणा. कॅज्युअल्टी दोन मजले खाली असेल तर तिथे जा. तुम्ही रोज जिथे इतरांना घेता, तिथे तुम्हालाही जागा आहे.

रूममेट असाल तर सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतोय का?’ विचारल्याने विचार वाढत नाही, मन मोकळं होतं. त्याला एकटं सोडू नका, खोलीतला औषधांचा साठा बाहेर न्या, युनिटमधल्या एका विश्वासू सीनिअरला सांगा. गुप्ततेची शपथ दिली असेल तरी सांगा. मागे रॅगिंग किंवा जातीवरून छळ असेल तर १८००-१८०-५५२२ या रॅगिंगविरोधी हेल्पलाइनवर तक्रार करता येते. ‘सगळ्यांनाच सहन करावं लागतं’ असं त्याला म्हणू नका.

मी तालुक्याला जनरल प्रॅक्टिस करतो. खाली दवाखाना, वर घर. सुट्टी कशी घेणार?

पाटीवर लिहून. ‘गुरुवारी संध्याकाळी बंद.’ पहिले दोन महिने लोक दार वाजवतील, मग गावाला सवय होते. शेजारच्या डॉक्टरांशी बोलून गुरुवार-रविवार वाटून घ्या. पेशंट पळवला जाईल ही भीती बहुतेक वेळा खोटी निघते. मोबाइलवर चोवीस तास सल्ला देणं मात्र खरंच थांबवा. रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला पुरळाचा फोटो सकाळपर्यंत थांबतो.

नातेवाइकांच्या मारहाणीची सतत भीती वाटते.

ती खोटी नाही. महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. पण रात्री दोनला कायदा वाचवायला येत नाही. वाईट बातमी एकट्याने देऊ नका, सिस्टर किंवा सीनिअर सोबत हवेत. दाराकडे पाठ करून उभे राहू नका. प्रकृती बिघडते आहे हे शेवटी एकदम न सांगता दर काही तासांनी थोडं थोडं सांगत राहा. घटना घडलीच तर त्या रात्रीची उरलेली ड्युटी त्याच डॉक्टरला करायला लावू नये.

आमची मुलगी एमडी करते आहे. फोन उचलत नाही, उचलला तर चिडते. काळजी वाटते.

बहुधा ती त्या वेळी राउंडला असते किंवा झोपेत असते. ‘जेवलीस का?’ हा प्रश्न तिला आवडतो, ‘पुढे सुपरस्पेशालिटीचं काय ठरलं?’ हा आवडत नाही. व्हॉइस मेसेज ठेवा, उत्तराची अट नको. महिन्यातून एकदा डबा घेऊन जा आणि तासाभरात परत या. ती बारीक झाली, रडते, सगळं सोडून घरी यायचं म्हणते, तर ‘एवढी फी, एवढे कष्ट’ हे शब्द गिळा. सीट सोडण्याचा विचारही निवांत झोपून, बोलून, दोन आठवड्यांनी करता येतो. त्या दोन आठवड्यांची रजा मागायला तिच्याबरोबर तुम्ही उभे राहा.

मी विभागप्रमुख आहे. माणसं वाढवणं माझ्या हातात नाही. मी काय करू शकतो?

बरंच काही. कृती दलाच्या पाहणीत ५६ टक्क्यांहून अधिक पीजी विद्यार्थ्यांनी साप्ताहिक सुट्टी नियमित मिळत नसल्याचं सांगितलं. सुट्टी तोंडी न ठेवता रोस्टरवर नावासकट छापा आणि त्या दिवशी कुणी वॉर्डात दिसला तर परत पाठवा. पोस्ट-इमर्जन्सीच्या डॉक्टरांना दुपारी बाराआधी सोडा. फॉर्म भरणं, रक्ताचे नमुने लॅबला पोहोचवणं, ट्रॉली ढकलणं यांतलं किती काम डॉक्टर करतात ते एक आठवडा मोजा, आणि तो तक्ता घेऊन मामा-मावशींच्या (वॉर्डबॉय आणि आयांच्या) रिकाम्या जागांसाठी प्रशासनाकडे जा. ड्युटी रूमच्या गादीवर स्वतः दहा मिनिटं झोपून बघा. तिथे एक फ्रिज, एक इंडक्शन शेगडी आणि आतून लागणारी कडी बसवा. आमच्याकडे हे तिन्ही मिळून एका कॉन्फरन्सच्या जेवणाच्या खर्चात झालं.